न निवडलेलं शिवार

हिवाळ्यात आपल्याकडे रात्रीचे आठ वाजतात तेव्हा न्यूयॉर्कचा शेअर बाजार उघडतो. तिथं सकाळचे साडेनऊ झालेले असतात. घंटा होते आणि डाऊ जोन्स निर्देशांकाचा त्या दिवसाचा पहिला आकडा पडद्यावर येतो, दशांशचिन्हापुढच्या दोन घरांसकट. चार्ल्स डाऊनं १८९६ साली बारा कंपन्या घेऊन सुरू केलेला हा हिशेब आता तीस कंपन्यांचा आहे, आणि त्याच्याकडे डोळे लावून बसलेल्या बहुतेकांना तो वर गेला की खाली आला एवढंच कळायला हवं असतं. थोडी माणसं मात्र अशी आहेत की त्या चढउताराशी त्यांना काही घेणंदेणं नाही. उद्या कुठं जायचं, हे त्यांना त्या आकड्यातून काढायचं असतं.

या खेळाला जिओहॅशिंग म्हणतात. रँडल मन्रो नावाचा अमेरिकन चित्रकार आहे, शिक्षणानं भौतिकशास्त्रज्ञ, काही काळ नासात नोकरी केलेला. त्यानं २१ मे २००८ रोजी आपल्या ‘एक्सकेसीडी’ या चित्रमालिकेत ही कृती एका छोट्याशा चित्रात मांडली. तारीख लिहायची, तिच्यापुढे डाऊचा उघडतानाचा आकडा जोडायचा आणि ती सगळी ओळ एमडी५ नावाच्या सूत्रातून काढायची. बत्तीस चिन्हांचं एक उत्तर येतं. त्याचे दोन अर्धे करायचे; पहिल्यातून अक्षांशाचा अपूर्णांक मिळतो, दुसऱ्यातून रेखांशाचा. आपण राहतो तिथला पूर्णांक त्यांच्याआधी लावला की झाला बिंदू. तारखेतला किंवा डाऊतला एक अंक बदला, उत्तर पार दुसरीकडे जातं. एमडी५ हे सूत्र रोनाल्ड रिव्हेस्ट यांनी १९९१ साली केलं. गुप्ततेच्या कामातून ते केव्हाच बाद झालं आहे, भटकंतीसाठी अजून ठणठणीत आहे.

आपल्यासाठी एक सोय नंतर करावी लागली. त्या दिवसाचाच आकडा धरला तर तो आपल्याला रात्री आठला मिळणार, म्हणजे जायचा दिवस मावळल्यावर. म्हणून पश्चिमेच्या तिसाव्या रेखांशाच्या पूर्वेला राहणाऱ्या सगळ्यांनी आदल्या दिवशीचा आकडा धरायचा असं लवकरच ठरलं. शनिवार-रविवार बाजार बंद असतो, त्यामुळे शुक्रवारी रात्री आपल्याला एकदम तीन दिवसांचे बिंदू कळतात.

मला या नादाला लावलं माझ्या भाचीनं. ती संगणक शिकते आणि मामानं घराबाहेर पडावं असं तिला वाटतं. शुक्रवारी रात्री तिनं फोनवर तिन्ही दिवसांची उत्तरं काढली. शनिवारचा बिंदू चाकणला एका कारखान्याच्या आवारात पडला होता, तिथं रखवालदार आत सोडणार नाही. सोमवारचा मुळशीच्या धरणात, काठापासून बराच आत. रविवारचा नाणे मावळात.

पुण्याचा चौकोन आधी सांगतो, म्हणजे या खेळाची तऱ्हा कळेल. एकेका अंशाच्या रेषा आखल्या की पृथ्वीचे चौकोन पडतात. आपला चौकोन १८ ते १९ अक्षांश आणि ७३ ते ७४ रेखांश यांमधला. दक्षिणोत्तर साधारण १११ किलोमीटर, पूर्व-पश्चिम १०५. यात पनवेल येतं, महाड येतं, रायगड, राजगड, तोरणा येतात, भोर, शिरवळ, आळंदी, राजगुरुनगर येतं. सासवड अगदी थोडक्यात बाहेर राहतं. भीमाशंकर वरच्या रेषेपलीकडे जातं. रायगड जिल्ह्याचा मोठा भाग आत आणि त्याचं मुख्य ठाणं अलिबाग मात्र बाहेर, असला कारभार. ही हद्द कुठल्याच कलेक्टरच्या नकाशात सापडणार नाही, आणि तीच तिची गंमत. या साडेअकरा हजारांहून जास्त चौरस किलोमीटरमध्ये बिंदू कुठंही पडू शकतो. लोहगडाला त्यात झुकतं माप नाही. लोहगडावर तो पडण्याची शक्यता लोहगडाच्या क्षेत्रफळाएवढीच. उरलेली सगळी शक्यता शेतांना, कातळांना, घाटाच्या उतारांना, कुणाच्या तरी परसाला आणि धरणांच्या पाण्याला.

रविवारी आम्ही दोघांनी शिवाजीनगरला सकाळची लोणावळा लोकल पकडली. थंडी अशी की डब्यात दार लावता येत नाही याचा राग यावा. पिंपरी-चिंचवडपर्यंत कारखान्यांच्या भिंती, देहूरोडला लष्कराची हद्द, आणि तळेगाव सोडलं की एकदम मोकळं. इंद्रायणीवर धुकं होतं. दाराजवळ दुधाचे रिकामे कॅन घेऊन तिघंचौघं परत निघाले होते. पाठीला सॅक लावलेली पोरं मळवलीला उतरणार हे त्यांच्याकडे बघूनच कळत होतं: एक टोळी लोहगडाला, एक भाज्याच्या लेण्यांना. खंडाळा ते पुणे हा रेल्वेचा टप्पा १८५८ साली सुरू झाला आणि बोरघाटातली चढण पूर्ण झाली १८६३ साली. मधली पाच वर्षं मुंबईहून येणारे खाली खोपोलीला उतरून घाट पालखीनं, नाहीतर पायी चढायचे आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसायचे. तेव्हापासून या मार्गावर माणसं कारण घेऊनच बसत आली आहेत. नोकरी, दूध, देव, हवापालट, किल्ला. शेजारच्या कॅनवाल्यानं विचारलं, ‘कुठं?’ मी ‘कामशेत’ म्हणालो. त्यानं पुढचा प्रश्न विचारला नाही, यात मला सुटल्यासारखं वाटलं.

कामशेतला उतरून नाणे रस्त्याला लागलेली सहा आसनी रिक्षा धरली. ती भरेपर्यंत सुटत नाही, हा तिचा नियम कुठल्याही सूत्रापेक्षा पक्का. नाणे मावळ म्हणजे कुंडलिका नदीचं खोरं. कोकणात कोलाडला जी कुंडलिका दिसते ती वेगळी. ही इकडची छोटी, जांभवलीच्या कोंडेश्वराकडून येणारी आणि पुढे इंद्रायणीला मिळणारी. मध्ये वडिवळ्याचं धरण आहे. दोन्ही बाजूंना डोंगर, डोक्याशी ढाकचा कडा, आणि त्याच्या पलीकडे एकदम कोकणात कोसळणारी जमीन. पावसाळ्यात इथं पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग लागते. जानेवारीत कुणी येत नाही. धबधबे आटलेले, गवत पिवळं, डोंगर करपल्यासारखे. मला विचाराल तर मावळ बघायचा तो याच दिवसांत. पावसात तो नुसता हिरवा असतो, हिवाळ्यात त्याची हाडं दिसतात. पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरणारी भातखाचरं, पिढ्यान्‌पिढ्या रचलेले दगडी बांध, पाणी एका खाचरातून दुसऱ्यात सोडायच्या वाटा. भात निघाल्यावरच ही सगळी रचना उघडी पडते. इंद्रायणी हा तांदळाचा वाण इथल्याच वडगावच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ साली बाहेर पडला, आंबेमोहोर आणि आयआर-८ यांच्या संकरातून. आता त्याचा पेंढा उडव्या रचून ठेवला होता आणि खाचरांत उरलेल्या ओलीवर हरभरा, मसूर, वाटाणा उभा होता.

रिक्षातून उतरून आम्ही चालत निघालो. भाची फोन हातात धरून पुढे, मी मागे. बाराशे मीटर, नऊशे, सहाशे. फोन सरळ रेषेतलं अंतर सांगतो, बांध सरळ रेषेत जात नाहीत. धोबी पक्षी शेपटी हलवत आमच्या पुढं पुढं उडत होते. शेवटी एका हरभऱ्याच्या खाचराशी येऊन ती थांबली. बिंदू आत, साधारण चाळीस पावलांवर.

बांधावर एक बाई धडुतं पिळून बाटलीत पाणी भरत होत्या. रात्री हरभऱ्यावर कापड पसरून ठेवतात, दवासोबत झाडाची आंब त्यात उतरते, ती पोटदुखीला ठेवतात. त्यांनी वर पाहिलं आणि हाक मारली. पेंढ्याच्या उडवीमागून मालक आले. साठीच्या पुढचे, डोक्याला मफलर, अंगात जुनं स्वेटर.

‘प्लॉट बगायला आला व्हय?’

मावळात हा प्रश्न आता नमस्काराच्या जागी आला आहे, आणि त्यांचं काही चुकत नाही. द्रुतगती मार्ग झाल्यापासून फोनमध्ये बघत बघत बांधाबांधानं चालणारा शहरी माणूस इथं एकाच कामासाठी येतो. रस्त्यानं येतानाच किती फलक लागले होते: डोंगराच्या कुशीत बंगलो प्लॉट, सातबारा वेगळा, बँकेचं कर्ज मिळेल. जमिनीचं बोलणं एकरात होत नाही, गुंठ्यात होतं. तेहतीस फूट बाय तेहतीसचा एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. जमीन विकून अचानक गळ्यात सोनं आणि दारात मोठी गाडी आलेल्या माणसाला या पट्ट्यात गुंठामंत्री म्हणतात. शब्दात थट्टा आहे आणि थोडी चरफडही, कारण ती गाडी किती वर्षं चालेल हे गावाला ठाऊक असतं.

‘नाही काका, असंच आलोय,’ मी म्हणालो.

‘असंच कोन येतंय हितं?’

भाचीनं मग सगळं सांगितलं. अमेरिकेतला शेअर बाजार, त्याचा आकडा, तारीख, कॉम्प्युटर, आणि त्यातून निघणारी जागा. ‘आज ती तुमच्या शेतात निघाली, काका.’

‘आमच्याच कशापायी?’

‘तुमच्याच असं काही नाही. कुणाच्याही निघाली असती.’

त्यांनी जरा वेळ हरभऱ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हसतील नाहीतर हाकलतील.

‘म्हंजी पीक कापनीवानी,’ ते म्हणाले.

आणि मग त्यांनीच आम्हाला समजावून दिलं. मागं त्यांच्या गटात पीक कापणी प्रयोग झाला होता. तलाठी आला, कृषी सहायक आला. हातातल्या कागदावरच्या आकड्यांप्रमाणे बांधाच्या कोपऱ्यापासून पावलं टाकली, खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली आणि तेवढ्याच तुकड्यातलं भात कापून, झोडून, तोलून घेतलं. ‘मी म्हनलं, त्या कडंला भात चांगलाय, त्यो घ्या. न्हाई म्हनले, आकड्यात हितलंच आलंय. बरुबर हाय त्यांचं. न्हाईतर समदे चांगल्यातच जात्याल. न्हाईतर वाईटात.’

आमच्या अर्ध्या तासाच्या खटपटीपेक्षा हे स्पष्ट होतं. आणि त्याच्यामागं जी विद्या आहे ती अमेरिकेच्या चित्रमालिकेहून कितीतरी जुनी. पूर्वी पिकाचा अंदाज नजर-आणेवारीनं होई. बांधावर उभं राहायचं आणि पीक रुपयात किती आणे आलं ते डोळ्यांनी ठरवायचं. डोळा म्हटला की त्याच्यामागं हेतू आला. सारा पुरता वसूल करायचा असेल तर बारा आणे दिसतं, सूट मागायची असेल तर सहाच. लबाडी नसली तरी पाय आपोआप रस्त्याकडेच्या शेताकडे वळतात. १९४०च्या दशकात पांडुरंग सुखात्मे आणि वि. गो. पानसे यांनी कुठलं गाव, कुठलं शेत आणि शेतातला कुठला तुकडा हे यादृच्छिक आकड्यांनी ठरवायची पद्धत देशातल्या शेताशेतांत नेली. बंगालात महालनोबीस यांचंही त्याच दिशेनं काम चाललं होतं. सुखात्मे आपल्या साताऱ्याकडचे, बुध गावचे. पुढे ते रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत गेले. कुठलं पीक किती आलं हे प्रामाणिकपणे कळायचं असेल तर बघणाऱ्याच्या हातून निवड काढून घ्यायची, एवढं साधं आणि मानी माणसाला झोंबणारं तत्त्व.

पाहण्याच्या बाबतीत आपण सगळे अजून नजर-आणेवारीच करत असतो. मी पुण्यात इतकी वर्षं काढली, मावळात कितीदा आलो, पण माझा मावळ म्हणजे कार्ला, भाजे, बेडसे, लोहगड, तुंग, तिकोना आणि वाटेतली मिसळ. कुणीतरी सांगितलेलं, कुणीतरी लिहिलेलं, रस्त्याकडेचं. त्यावरून मी मावळाबद्दल मतंही देत आलो. हरभऱ्याचं हे खाचर कुठल्याच पुस्तकात येणार नाही. तिथं शिलालेख नाही, लढाई झाली नाही, दृश्यही बेताचं. पण मावळ क्षेत्रफळानं पाहिला तर तो बहुतांशी असाच आहे. प्रेक्षणीय जागा त्यात चिमटीएवढ्या.

कोकणात देवाला कौल लावतात तेव्हा विचारणाऱ्याच्या मनात काहीतरी असतं, उजवं फूल पडावं अशी आस असते. इथं प्रश्नच विचारलेला नसतो, म्हणून उत्तराला रुसता येत नाही. आणि डाऊचाच आकडा का, हे मला त्या बांधावर थोडं उमगलं. खेळाला असा आकडा हवा जो आधी कुणाला कळणार नाही आणि नंतर कुणाला नाकारता येणार नाही. तो मिळाला पृथ्वीवरच्या सगळ्यात स्वार्थी चव्हाट्यावर. तिथं प्रत्येक पैशामागं कुणाचातरी हिशेब आहे, पण ते सगळे हिशेब एकमेकांवर आदळून दशांशाच्या दुसऱ्या घरात जो अंक उरतो त्यात कुणाचंच काही नसतं. त्या बेवारस अंकानं आम्हाला इथं आणलं होतं. ज्या मावळात जमिनीच्या प्रत्येक फुटाला आता भाव आहे, तिथं बाजाराच्याच आकड्यावरून येऊन भाव न विचारणारे आम्ही दोघं. मालकांना आधी संशय आला तो रास्तच होता.

‘जा, पन हरबऱ्यात पाय नगं,’ ते म्हणाले, आणि पाटाच्या कडेकडेनं आम्हाला आत घेऊन गेले. आकड्याच्या सहाव्या दशांश घरापर्यंत गेलं तर जागा अर्ध्या वितीएवढी नेमकी ठरते. फोनला मात्र चार-पाच मीटर इकडेतिकडे चालतात. त्यामुळे बिंदू नेमका कुठल्या रोपावर हे कळायला मार्ग नव्हता. मालकांना ते पटेना. एवढा अमेरिकेहून आलेला आकडा, आणि शेवटी अंदाजच? ‘आमचा गट नंबर बरा. दगुड लावलाय चारी कोपऱ्याला.’ भाचीनं फोनच्या पडद्याचा फोटो काढला, मग त्या दोघांचा काढला. या खेळात मागं काही ठेवायचं नसतं, डबा नाही की खूण नाही; जायचं, उभं राहायचं, निघायचं. बाईंनी ओंजळभर हरभऱ्याचे घाटे दिले. ते आम्ही तिथंच सोलून खाल्ले, आंबट-खारट.

निघताना त्यांनी विचारलं, ‘मग उद्या कुठं निगलाय तुमचा आकडा?’

भाचीनं नकाशा पुढं केला. मुळशीचं पाणी. त्यांनी फोन हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला.

‘कंच्या गावावर पडलाय?’

नकाशावर नुसता निळा रंग होता. तिनं बोटांनी मोठा करून पाहिला, तरी निळाच. तिकडं त्यांच्या आज्याची आत्या दिली होती, ते म्हणाले. गाव पाण्यात गेलं ते टाटांच्या धरणात, मुंबईला वीज हवी होती म्हणून. नाव आज्याला ठाऊक होतं, त्यांना नाही. मी भाचीला परतीच्या लोकलमध्ये १९२१चा मुळशी सत्याग्रह सांगितला, सेनापती बापट सांगितले, तेव्हाही मोबदल्याच्या भावावरून कसं बोलणं झालं होतं ते सांगितलं. ती ऐकत होती आणि त्याच वेळी फोनवर धरणाआधीचा नकाशा शोधत होती. पुणं येईपर्यंत तिला तो मिळाला नाही.

सोमवारी तिनं कॉलेज बुडवलं आणि मुळशीची एसटी धरली. बिंदूपर्यंत पोचता येणार नाही हे माहीत असताना. दुपारी तिचा फोन आला. बिंदू समोर पाण्यात, दीडेक किलोमीटर आत, ती काठावर. ‘मामा,’ ती म्हणाली, ‘इथं सगळीकडे लेक टच प्लॉटच्या पाट्या लागल्यात. गुंठ्याचा भाव लिहिलाय. आणि एक जण मघापासून माझ्या मागं लागलाय, मॅडम, कुठला प्लॉट बघताय म्हणून.’